नावापुढची हिरवी खूण

आमच्या घरात पत्र्याच्या पेटीत एक जुना कागद होता. उर्दूत लिहिलेला. आमचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीतले कागद उर्दूत निघायचे आणि गावात उर्दू वाचणारं कुणी नव्हतं. आजोबा सांगायचे, तो कागद हातात पडला तेव्हा तो वाचून घ्यायला ते तुळजापूरला चालत गेले. कुणाच्या तरी ओसरीवर बसून वाचून घेतला. "त्यानं सांगितलं ते खरं धरलं. दुसरं काय करणार? वाचणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायचं, बाबा."

त्या कागदापायी आमचं रान गेलं की नाही, हे मला कधी नीट कळलं नाही. आजोबांना जमिनीपेक्षा त्या ओसरीवरच्या बसण्याचं दुःख जास्त होतं. आपल्याच बाबतीत काय लिहिलंय, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं आणि मान हलवायची. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पुरा केला. अक्षर न येणारा कुणबी कागदापुढं कसा लुबाडला जातो, हे त्यात वाचलं तेव्हा मला आजोबा आठवले.

हे आधी सांगायचं कारण असं की, मी मास्तर झालो ते याच गोष्टीतून, आणि मास्तरकीत माझ्या हातून जे झालं तेही शेवटी एका कागदापाशीच येऊन थांबलं.

२००१ साली मी तुळजापूर तालुक्यातल्या एका लहानशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. तीन वर्षं महिना तीन हजार मानधन. दोन खोल्या, चार वर्ग, दोन मास्तर. गाव बालाघाटच्या माथ्यावर, मुरमाड रानाचं. पावसाळा बरा झाला तर तूर, उडीद, सोयाबीन. नाही झाला तर निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला. पहिल्याच आठवड्यात मी डायरीत लिहिलं: 'यंदा माझ्या वर्गातलं एकही पोरगं वाचता येत नसताना पुढच्या वर्गात जाणार नाही.' खाली सही केली, तारीख टाकली. उद्दिष्ट हा शब्द तेव्हा मला फार आवडायचा.

ती डायरी मी जूनमध्ये लिहिली आणि ऑगस्टमध्ये विसरलो. जनगणनेचं उरलेलं काम आलं, मतदार याद्या आल्या, पोलिओचा डोस आला. मार्चमध्ये सात पोरं न वाचताच पुढं गेली. मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवायची आहे, कारण पुढं वरून आलेल्या उद्दिष्टांना मी बऱ्याच शिव्या दिल्या. माझं स्वतःचं उद्दिष्ट कुणी विचारणारं नव्हतं, तेव्हा त्याचं काय झालं, हे मला माहीत आहे.

शाळेत तंत्रज्ञान म्हणावं असं त्या वेळी एकच होतं, लाकडी कपाटातली एक पेटी. खडू-फळा मोहिमेत आलेली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर देशभरातल्या शाळांना निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं साहित्य मिळावं म्हणून ती योजना निघाली होती. पेटीत भिंग होतं, लोहचुंबक होता, नकाशे होते, मोजमापाचे संच होते. सगळं कोरं करकरीत. आमचे मुख्याध्यापक चांगला माणूस, पण पेटीला कुलूप. मी किल्ली मागितली तर म्हणाले, "डेडस्टॉकला नोंद आहे. फुटलं तर भरून कोण देणार? तुमचं मानधन पुरायचं नाही." चौदा-पंधरा वर्षांत त्या भिंगातून एकाही पोरानं मुंगी बघितली नव्हती, पण तपासणीत पेटी दर वर्षी पूर्ण भरायची. वस्तू शाळेत असणं आणि वस्तू पोराच्या हातात असणं, यातलं अंतर मला तिथं पहिल्यांदा कळलं.

मग २०१५ साल आलं. २२ जूनला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला. आता प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, नुसतं हजर असून भागणार नाही, असं ठरलं. पायाभूत चाचणी, मग संकलित चाचणी, आणि गुण 'सरल' प्रणालीत ऑनलाइन. साताऱ्याकडच्या कुमठे बीटातल्या शाळा बघायला राज्यभरातून मास्तरांच्या गाड्या जायला लागल्या. आम्हीही वर्गणी करून एक क्रूझर नेली. फरशीवर आखलेले तक्ते, चिंचोके, मणी, काड्या घेऊन पोरं आपली आपण शिकताना बघितली. मी खरंच हरखून गेलो. परत येऊन दोन रविवार खोलीची फरशी रंगवत बसलो. त्या दोन वर्षांत माझी जितकी पोरं वाचायला लागली तितकी आधीच्या दहा वर्षांत लागली नव्हती. कुणीतरी विचारायला लागलं होतं, त्याचाही तो परिणाम होता.

त्याच सुमाराला डिजिटल शाळेचं वारं आलं. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. आमच्या गावानंही मनावर घेतलं. मंदिरापुढं बैठक झाली. कुणी पाचशे, कुणी हजार, एका म्हातारीनं शंभराची नोट पदराच्या गाठीतून सोडून दिली. दुष्काळाचं साल होतं ते. शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या हंगामातली ती वर्गणी. टीव्ही आला, नारळ फुटला, हळदी-कुंकू वाहिलं. ती म्हातारी पुढं आली आणि पडद्याला हात जोडून म्हणाली, "पोरास्नी शानं कर गं माय."

टीव्हीनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या पोरांनी समुद्र पहिल्यांदा त्यावर बघितला. लाट आली तसं पहिल्या ओळीतलं एक पोरगं मागं सरकलं. पण दुसऱ्यानं विचारलं, "सर, ते पाणी खारट आसतंय म्हन्त्यात. हितं कसं कळंल?" मी स्वयंपाकघरातनं मूठभर मीठ आणलं, बादलीत टाकलं आणि सगळ्यांना बोट बुडवून चाटायला लावलं. पडदा आणि बादली दोन्ही मिळून तो धडा झाला. पुढं बिल थकून वीज तोडली तेव्हा टीव्हीवर मुख्याध्यापकांनी जुनं धोतर टाकलं. तोही डेडस्टॉकला गेला. बादली राहिली.

आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले हे गुरुजी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडत होते. मोबाइल धरला की कविता ऐकू यावी, धडा दिसावा. पुढं बालभारतीच्या पुस्तकांतही ते कोड आले. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचं तिथंच सांगितलं. जिल्हा परिषदेच्या मास्तराचं नाव लंडनमध्ये घेतलं गेलं याचा आम्हाला सगळ्यांना आनंद झाला. लगेच पुढच्या बैठकीत प्रश्नही आला, "तुमच्या शाळेत काय नवोपक्रम?" आम्ही माना खाली घातल्या. पण त्यांच्या कामातली मला भिडलेली गोष्ट वेगळीच होती. कानडी बोलणाऱ्या घरातल्या पोरांना पुस्तक कळत नाही, हे त्यांनी आधी हेरलं आणि पोरांच्या भाषेत धडे नेले. आधी पोराची अडचण, मग तिच्यावरचं साधन. आम्ही उलटं करत होतो. साधन आलं की त्याला शोभेल अशी अडचण शोधत होतो.

त्या २०२० च्या साली शाळा बंद होत्या. आई भवानीचं मंदिरही बंद होतं. नवरात्र भाविकांवाचून झालं. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, राज्यातली देवळं उघडली, पण आमच्या शाळा काही लगेच सुरू झाल्या नाहीत. परड्या, कवड्या, कुंकू विकणाऱ्या घरातली पोरं आमच्या गावात पाहुण्यांकडं येऊन राहिली होती. दीक्षा ॲपवरची अभ्यासमाला मी गटावर रोज पाठवायचो. तिसरी-चौथीच्या चोवीस पोरांत चालू फोन असलेली घरं नऊ, आणि त्यांतले सहा फोन दिवसभर बापाच्या खिशात. गटावर मात्र रोज अंगठे यायचे. ते अंगठे मोजून मी वर कळवायचो. आता वाटतं, पुढच्या चुकीची सवय मला तिथंच लागली.

आता ती चूक सांगतो.

५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं लक्ष्य. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या अखेरीस किमान ६०. लक्ष्य वाईट नाही. दोन वर्षं पोरं घरी बसली होती, कुणीतरी हे म्हणायलाच हवं होतं. शिवाय आमचा जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत. राज्यातले चार जिल्हे त्यात आहेत: नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि आमचा. आरोग्य, शिक्षण, शेती अशा बाबींचे आकडे वर जातात, त्यांवरून क्रम लागतो. वरचा क्रम खाली येता येता आमच्या व्हॉट्सॲप गटावर लिंक होऊन पडतो. 'आज सायंकाळी ५ पर्यंत लिंक भरणे. अति तातडीचे.'

२०२२ च्या दिवाळीआधीची गोष्ट. माझ्याकडं पहिली आणि तिसरी. तिसरीत अकरा पोरं. प्रत्येकाच्या नावापुढं दोन रकाने: टप्पा गाठला तर हिरवी खूण, नाही तर लाल. तिसरीत आलेल्या पोराला निदान दुसरीचा ४५ शब्दांचा टप्पा जमायला हवा होता. दहा पोरं कशीबशी जमली. अकरावी एक मुलगी. तिचं नाव मी इथं लिहीत नाही.

मोबाइलवर घड्याळ लावून मी तिला वाचायला दिलं. मिनिटात तिचे बावीस शब्द झाले. 'विहीर' शब्दापाशी ती थांबली आणि म्हणाली, "सर, आमच्या हिरीत कासव हाय." मी म्हणालो, "वाच, वाच, वेळ चाललाय." तिनं पुन्हा बोट ठेवलं, पण तोवर घड्याळ वाजलं होतं.

आई-बाप ऊसतोडीला जाणारे. हंगाम लागला की पोरगी त्यांच्यासोबत कोपीवर, धाकट्या भावाला सांभाळायला. घरी आजी असती तर तिला हंगामी वसतिगृहात ठेवता आलं असतं, पण आजी नव्हती आणि आमच्या गावात त्या वर्षी वसतिगृह सुरूही झालं नाही. तिच्या वर्षातले सहा महिने शाळेचे आणि सहा महिने उसाच्या फडाचे. मिनिटाला बावीस शब्द हे त्याचं गणित होतं.

केंद्रातल्या बऱ्याच शाळांच्या तिसऱ्या पूर्ण हिरव्या झाल्या होत्या. माझी एकच खूण लाल राहत होती. फोन आला, "गुरुजी, एका पोरीसाठी केंद्र मागं राहतंय. बघा काही होतंय का." त्या माणसानं मला खोटं लिहा असं म्हटलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. मी पाच वाजायला दहा मिनिटं असताना हिरवं दाबलं. दाबताना मनात तीन वाक्यं आली. एक, हा आकडा वरच्यांसाठी आहे, पोरीचं यात काही जात नाही. दोन, मिनिटात शब्द मोजणं हेच मुळात खुळचटपणाचं आहे. तीन, मी तिला शिकवणारच आहे, खूण काय, महिन्याभरात खरी होईल. दिवाळीनंतर आठ दिवसांत ती फडावर गेली. महिना मला मिळालाच नाही.

पुढच्या जूनमध्ये ती चौथीत आली. चौथी माझ्या सहकाऱ्याकडं, जो नुकताच बदलून आला होता. मागं राहिलेल्या पोरांसाठी रोज एक तास जादा घ्यायचा, त्यांना वेगळ्या पुस्तिका द्यायच्या, असं ठरलं. यादी वरून आली, आम्हीच भरलेल्या लिंकांवरून तयार झालेली. त्यात तिचं नाव नव्हतं. असणार कसं, ती हिरवी होती. तो सहकारी नवा माणूस, यादीवर विसंबला. मला माहीत होतं. जादा तासाला ती खिडकीबाहेर भावाला कडेवर घेऊन उभी राहायची, तेही मला दिसायचं. मी बोललो नाही. बोललो असतो तर वर्षाआधीची खूण खोटी होती असं म्हणावं लागलं असतं.

त्या वर्षी पाऊस कमी झाला. सप्टेंबरातच मुकादम गावात फिरू लागले. तिच्या बापानं उचल घेतली. मुकादमानं कागद पुढं केला. बाप अंगठेबहाद्दर, आई पण तशीच. पण आता घरात वाचणारी होती. मागच्या वर्षी पालक सभेत मीच सगळ्यांपुढं यादी वाचून दाखवली होती, आमच्या तिसरीतली सगळी पोरं वाचत्यात म्हणून. आईनं पोरीला हाक मारली. पोरीनं कागद हातात घेतला, डोळे फिरवले आणि म्हणाली, "बरुबर हाय." बापानं अंगठा उठवला.

पंधरा दिवसांनी कुणीतरी दुसऱ्यानं तो कागद बघितला. हातात आलेले साठ हजार आणि कागदावर ऐंशी. वीस हजाराचा ऊस जास्तीचा तोडायचा.

आई शाळेत आली. मला वाटलं भांडायला आली. ती पायरीवर बसली. म्हणाली, "गुर्जी, म्या पोरीला मारलं काल. लई मारलं. म्हनलं, वाचता येत नव्हतं तर सांगायचं व्हतं. तर ती काय म्हन्ली ठाव हाय? म्हन्ली, सरांनी सगळ्यांम्होरं सांगितलंय मला येतंय म्हनून. मग मी कशी न्हाई म्हनू?"

मी त्या बाईला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बहुधा दिलंच नाही.

त्या दिवसापासून माझी ती तीन वाक्यं एकेक करून गळून पडली. आकडा वरच्यांसाठी होता, हे खोटं होतं. शाईनं लिहिलेली खोटी नोंद कपाटात पडून राहायची. खिचडीच्या दिवशीची हजेरी आम्ही कधीमधी फुगवली नाही असं नाही. तेव्हा तर मोबाइल नव्हता. खोट्याला यंत्र लागत नाही. पण मोबाइलवर दाबलेली खूण चालायला लागते. ती मुंबई-दिल्लीला जाते आणि यादी होऊन त्याच वर्गाच्या दारात परत येते, आणि कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, हे ठरवते. ज्याला आपण कागदी घोडा म्हणतो, तो आता खरंच धावतो.

मिनिटात शब्द मोजणं खुळचटपणाचं, हे दुसरं वाक्य. त्यात थोडं खरं आहे. विहीर वाचून जिला कासव आठवतं तिला वाचन कळतंय, नुसती गती नाही. पण मोजमाप अपुरं आहे म्हणून खोटं मोजायला मला परवानगी मिळत नाही. काटा बिघडलाय असं वाटलं तर वाण्यानं तसं सांगावं. मापात मारू नये. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी काटा बिघडला नव्हता. त्यानं बावीस दाखवलं आणि ते बावीसच होतं.

तिसरं वाक्य सगळ्यात वाईट. पुढं शिकवीन म्हणून आज येतं असं लिहिणं. आपल्या चांगल्या हेतूवर आपण उचलच घेतो की ती. आणि फेडायला दुसरंच कुणी जातं.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. मी खोटं लिहिलं ते माझ्यापुरतं राहिलं नाही. मी ते तिला शिकवलं. न येणं ही लपवायची गोष्ट आहे, हे नऊ वर्षांच्या पोरीनं माझ्याकडून उचललं. आजोबा निदान ओसरीवर बसून म्हणू शकत होते, मला वाचता येत नाही, वाचून दाखव. तिला तेवढंही म्हणता आलं नाही. शाळेत गेलेल्या पोरीची अवस्था शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यापेक्षा मी वाईट करून ठेवली.

लहानपणची एक गोष्ट मला त्या दिवसांत सारखी आठवायची. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला लोक चालत येतात, लाखांनी. रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला असतो. जवळजवळ पंचेचाळीस किलोमीटर. मी अकरा-बारा वर्षांचा असताना वडिलांबरोबर निघालो. आईचा नवस होता. तामलवाडीच्या पुढं पायाला फोड आले, आणि ओळखीच्या एकानं मला टेम्पोत घेतलं. वडील चालत राहिले. सकाळी महाद्वारापाशी भेटलो. घरी आल्यावर आईनं विचारलं, "चालत गेलास ना रे?" मी वडिलांकडं बघितलं. ते म्हणाले, "त्येलाच इचार." एवढंच. मी "हो" म्हणालो. आईनं माझ्या पायांना तेल लावलं. तेल लावताना तिचे हात थरथरत होते, इतका तिला आनंद झाला होता. ते तेल मला आजही सहन होत नाही.

टेम्पो वाईट नव्हता. फोड आलेल्या पोराला उचलून घेणारा माणूसही चांगलाच. दर्शनाला पोचायचं एवढंच ठरलं असतं तर टेम्पोत बसण्यात पाप नव्हतं. पण ठरलं होतं चालायचं. शाळेतल्या साधनांचंही मला तसंच वाटतं. पोरानं कविता ऐकावी, तिच्यात रमावं, हे ठरवलं असेल तर मोबाइलनं ती म्हणून दाखवावी, खुशाल. पण पोरानं स्वतः वाचावं हे ठरलं असेल, तर त्याच्या वाटचं वाचन मोबाइलनं करायचं नाही. कुठं चालायचं आणि कुठं बसायचं, हे आधी ठरवायला लागतं. ते यंत्र ठरवत नाही आणि लिंकही ठरवत नाही. ते मास्तरानं पोराकडं बघून ठरवायचं असतं. आणि बसलो असेल तर बसलो म्हणायचं असतं.

मी लेखी अर्ज दिला की, अमुक नोंद माझ्या हातून चुकीची झाली आहे, दुरुस्त करावी. 'चुकीची' लिहिलं होतं; सहकारी म्हणाला, "खोटी लिहा सर, आता लपवून काय?" मग खोटी लिहिलं. खुलासा मागवला, समज मिळाली. जुनी नोंद काही बदलता आली नाही, मुदत संपली होती. पण तिला जादा तासात घेतलं.

दिवस थोडेच उरले होते. दिवाळी झाली की टोळी जाणार. शिक्षण हमी कार्ड मी दिलंच, पण ते दाखवायला तिथं जवळ शाळा पाहिजे आणि भावाला बघायला दुसरं कुणी पाहिजे. मग मी तिच्या आईच्या फोनमध्ये रोजच्या वाचनाची पानं फोटो काढून टाकली आणि तिला आवाज भरून पाठवायला शिकवलं. उद्दिष्ट तिनंच ठरवलं. म्हणाली, "सर, त्यो कागद मला वाचायचाय." उचलीचा कागद. म्हणून मी पुस्तकाबरोबर तसलेच शब्द लिहून द्यायला लागलो: रुपये, अक्षरी, हिशेब, बाकी, सही, अंगठा, मुकादम.

फडावरून तिचे आवाज यायचे, कधी चार दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी. मागं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, भावाचं रडणं, कुणीतरी 'वाढं आन गं' म्हणून ओरडतंय. ती वाचायची, अडायची, मागं जायची, पुन्हा वाचायची. मी तिचे शब्द मोजले नाहीत. अडलेला शब्द तेवढा म्हणून परत पाठवायचो. मिनिटभराच्या माझ्या आवाजासाठी त्या बाईनं डोंगराएवढी कामं टाकून फोन चार्ज करून आणलेला असायचा. तोच फोन, तीच मी. पहिल्या वेळी त्या फोनातून मी तिच्यावर खोटी खूण मारली होती, या वेळी तिचा आवाज ऐकत होतो.

एप्रिलमध्ये ती आली. कागद वाचला. सावकाश, बोट ठेवून. 'अक्षरी रुपये ऐंशी हजार मात्र.' वाचून झाल्यावर गप्प बसली. वाचता आलं म्हणून वीस हजार कमी झाले नाहीत. ते त्यांनी तोडून फेडले होते. पण पुढच्या सप्टेंबरात मुकादमानं कागद पुढं केला, तेव्हा तिनं तो अर्ध्यात थांबवून विचारलं, "ह्यो शबुद काय हाय?" मला हे आईनं सांगितलं. 'येत नाही' असं ती पुन्हा म्हणायला शिकली, हे मला वाचता येण्याएवढंच मोठं वाटतं.

लिंका अजून येतात. मी त्यांना शिव्या देणं कमी केलं आहे. कुणी विचारत नव्हतं तेव्हाची माझी डायरी मला आठवते. फक्त एक नेम धरला आहे. दर खेपेला वर्गाची नोंद पाठवण्याआधी ज्या पोराची असेल त्याच्या घरच्यांना दाखवायची. जमलं तर घरी जाऊन, नाही तर शाळेच्या पायरीवर. त्यांच्यापुढं दाबता येत नसेल ते दाबायचं नाही. यात वेळ जातो, केंद्र मागं पडतं, फोन येतात.

मागच्या आठवड्यात दुसरीतल्या एका पोराच्या आईला मोबाइल दाखवला. म्हटलं, "याच्यापुढं लाल येतंय. अजून जोडाक्षर जमत नाही." तिनं पडद्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं. म्हणाली, "लाल तर लाल. तुमी त्येला बसवा रोज अर्धा तास. मी उशिरा नेईन घरी."

मी लाल दाबलं. पोरगं पाटी घेऊन बसलं.